पेरूचा वास

"तोंड उघड," सर म्हणाले.

मी उघडलं. शिबिरातली सगळी माणसं मांडवात गोल करून बसली होती आणि मी मधोमध उभी होते. सर वाकले, माझ्या तोंडाजवळ नाक आणून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि सरळ होऊन ते गोड हसले.

"पेरू," ते म्हणाले. "चांगला पिकलेला."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मांडवाच्या तिन्ही बाजूंना पेरूची बागच होती. डिसेंबरचा महिना, झाडं लगडलेली. हात वर केला की पेरू हातात यावा.

"मी नाही खाल्ला," मी म्हणाले.

"मग हा वास कसला? अत्तर लावतेस का जिभेला?"

आता सगळेच हसले. समोरच माझे वडील, अण्णा, बसले होते. ते हसले नाहीत. ते मांडीवरच्या टॉवेलची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

आम्ही संगमनेरचे. अण्णांचं सराफीचं दुकान होतं. अण्णांना साखरेचा आजार चाळिशीनंतर जडला. ते गोळ्या घ्यायचे. मला मात्र तो सहावीत असतानाच झाला. वर्गात बेशुद्ध पडले, दवाखान्यात नेलं आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ पोटावर सुई. डॉक्टरांनी आईला बजावून ठेवलं होतं, की एक वेळ जेवण चुकलं तर बघता येईल, इंजेक्शन चुकता कामा नये. आईने ते देवाच्या नेमासारखं पाळलं. अण्णांना त्याची लाज वाटायची. माझ्या मामांनी एका लग्नात चारचौघांत म्हटलं होतं, "बापाचं दुखणं पोरीला आलं." ते अण्णांच्या मनात खोल रुतून बसलं होतं. पाहुणे आले की थर्मासातली इन्सुलिनची बाटली पडद्याआड जायची.

त्या वर्षी मी वीस वर्षांची झाले आणि येवल्याचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. बघायला जानेवारीत येणार होते. त्याच सुमारास अण्णांच्या हाती रणधीर सरांच्या शिबिराचं पत्रक पडलं. सर पूर्वी कुठल्याशा कॉलेजात खेळ शिकवायचे. आता सिन्नरच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी, कोणा भक्ताच्या बागेत, ते मधुमेह घालवायची शिबिरं घ्यायचे. 'घाम गाळू, साखर जाळू' असं त्या पत्रकावर छापलं होतं.

"आपण दोघं जाऊ," अण्णा म्हणाले. "बाप-लेक बरे होऊन येऊ. मग बघतो कोण काय बोलतंय ते."

आईने विचारलं, "डॉक्टरांना विचारलंत का?"

"डॉक्टर कशाला सांगतील? त्यांचं गिऱ्हाईक जाईल."

आईने माझ्या पिशवीत थर्मास ठेवला, सुया ठेवल्या आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा ठेवला. "हातपाय थरथरले, घाम फुटला, तर लगेच दोन खा," ती मला कानात म्हणाली. "कोणाला विचारत बसू नकोस."

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना आपापली औषधं आणून द्यायला सांगितलं. एका टेबलावर ती रांगेने मांडली. माझा थर्मास पिशवीतच राहिला होता. मी मुद्दाम ठेवला होता. अण्णा खोलीत आले. पिशवी उघडून त्यांनी स्वतः तो काढला आणि नेऊन सरांच्या हातात दिला.

"ही जन्माची सुई लावून दिलीय डॉक्टरांनी," ते म्हणाले.

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "पांगळ्याला कुबडी दिली की तो चालायचा थांबतो. आपण कुबडी एकदम नाही काढायची. हळूहळू."

त्यांनी माझं इंजेक्शन निम्मं केलं. सकाळी टेकडी चढायची, उतरायची, मग मैदानाला फेऱ्या, मग कवायत. जेवायला भाकरीचा चतकोर आणि पालेभाजी. सहावीपासून मला कोणत्याच खेळात घेतलं गेलं नव्हतं. शाळेत खेळाच्या तासाला बाई मला बाकावर बसवून ठेवायच्या. इथे पहिल्यांदा कोणीतरी मला पळ म्हणालं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दुसऱ्या सकाळी मी टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचले. मागून अण्णा धापा टाकत आले आणि म्हणाले, "माझी हरिणी गं!" असं ते मला कधी म्हणाले नव्हते.

खाली उतरल्यावर सगळ्यांची साखर मोजली जायची. बोटाला टोचायचं, थेंब यंत्राला लावायचा आणि सर आकडा मोठ्याने सांगायचे. उतरला असेल तर टाळ्या, चढला असेल तर सगळे गप्प. त्या गप्प बसण्याला माणसं फार भ्यायची. अण्णांचा आकडा रोज उतरत होता. पायी चालणं त्यांना खरोखरच मानवलं. चेहरा उजळला होता, पाठ ताठ झाली होती.

चौथ्या सकाळी माझी पाळी आली तेव्हा माझे हात थरथरत होते. जीभ जड झाली होती, मांडवाचे बांबू दोन-दोन दिसत होते. घामाने पाठ भिजली होती आणि तो घाम थंड होता.

"त्रेसष्ट!" सर ओरडले. "त्रेसष्ट! बघा! अकरा-बारा वर्षांची असताना हिला ज्यांनी जन्माची रोगी ठरवलं, त्यांना दाखवा हा आकडा!"

टाळ्या थांबेनात. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र टाळ्या लांबून, विहिरीतून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. बिस्किटं खोलीत होती. पाय उचलत नव्हते. नशिबाने मोजणी संपली की सगळ्यांना मध-पाणी मिळायचं. मी ते घटाघट प्याले, शेजारच्या बाईंचंही प्याले आणि थोड्या वेळाने जग पुन्हा एक झालं.

त्या शेजारच्या बाई म्हणजे कुंदाताई, माझ्याच खोलीत राहणाऱ्या. नंदुरबारकडच्या, दोनदा नगरसेविका झालेल्या, धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या. त्यांचा आकडा काही उतरत नव्हता आणि सर त्यांना रोज सगळ्यांसमोर टोमणे मारायचे. "कुंदाताई, निवडणुकीत मतं चढलेली चालतात. इथे नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केलं की आता माझी सुई बंद.

"पूर्ण?" मी विचारलं.

"त्रेसष्टवर आलीस. अजून सुई टोचून मरायचंय का?"

मी अण्णांकडे बघितलं. "अण्णा, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर म्हणाले होते तू पळू शकणार नाहीस," अण्णा म्हणाले. "पळालीस ना?"

डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते. पण अण्णांचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि तो हात मला बाजूला सारायचा नव्हता.

संध्याकाळपासून तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे. तांब्या संपला तरी घसा कोरडा. सकाळी मोजलं तर आकडा चढलेला. सगळे गप्प बसले. "पळून घालवू," अण्णा म्हणाले. मी टेकडी पळत चढले, पळत उतरले. पुन्हा मोजलं. आकडा आधीपेक्षा जास्त.

"हे कसं शक्य आहे?" सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, सगळ्यांशी बोलत होते. "व्यायामाने साखर जळते. हा निसर्गनियम आहे. सूर्य पूर्वेला उगवतो तसा. मग हिची चढली कशी? काय म्हणता, कुलथे?"

अण्णा उभे राहिले. शाळेत मास्तरांनी उभं करावं तसे.

"एकच कारण असू शकतं," सर म्हणाले. "सांगा तुम्हीच."

"काहीतरी खाल्लं असेल," अण्णा म्हणाले.

दुपारी माझी पिशवी मांडवात आणून उपडी केली गेली. परकरापासून सगळं सतरंजीवर पडलं. सरांनी त्यातून बिस्किटांचा पुडा उचलला आणि वर धरला. पुडा फोडलेलाही नव्हता. मी तसं म्हणाले. "हा नाही फोडला," सर म्हणाले, "म्हणजे दुसरा फोडला." मग त्यांनी एक नवा नियम केला. एकाची चोरी ती सगळ्यांची चोरी. माझा आकडा खाली येईपर्यंत सगळ्यांनी टेकडी दोनदा चढायची.

त्यानंतर माझ्याशी कोणी बोलेना. गुडघे दुखणारी म्हातारी माणसं दुसऱ्यांदा टेकडी चढताना माझ्याकडे बघून थुंकल्यासारखं तोंड करायची. एक आजोबा माझ्या अंगावरून जाताना म्हणाले, "खा बाई अजून. आमचे पाय आहेतच." मी पाण्याला गेले की कोणीतरी सरांना सांगायचं. सर म्हणाले, "पाणी पिऊन रक्त पातळ करते आणि आकडा लपवते." माठावर एक माणूस बसवला. मला दिवसाला ठरावीक पेले मिळायला लागले. मी न्हाणीघरातल्या बादलीतलं पाणी ओंजळीने प्याले.

दुसऱ्या दुपारी कुंदाताई माझ्याजवळ बसून केसांना तेल लावत होत्या. अचानक त्यांनी नाक वर केलं. माझ्याकडे झुकल्या.

"काय गं, पेरू खाल्लास?"

"नाही, ताई."

"मग वास कसा येतोय? तोंडाला येतोय तुझ्या. पिकून उतरलेल्या पेरूचा."

"नाही हो, ताई. देवाशप्पथ नाही."

त्या उठल्या. त्यांचे घोटे सुजले होते, दोन-दोनदा टेकडी चढून. चहाच्या वेळी त्यांनी मांडवात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सर त्यांना "शाबास, ताई" म्हणाले. त्या शिबिरात कुंदाताईंना मिळालेली ती पहिली शाबासकी.

आणि मग सरांनी मला मधोमध उभं करून तोंड उघडायला लावलं.

"कुलथे," माझा वास घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "मी हिला काही शिक्षा करणार नाही. मुलगी तुमची आहे."

अण्णा उठले. टॉवेल तिथेच ठेवून माझ्यासमोर आले.

"खाल्लास का?"

"नाही, अण्णा."

त्यांनी मला थोबाडीत मारली. मी पडले नाही, पण तोल गेला. आयुष्यात त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

"मला फक्त खरं सांग. खाल्लास का?"

माझं डोकं धड चालत नव्हतं. पोटात कळा येत होत्या, श्वास आपोआप खोल खोल जात होता, जणू कोणी आतून भाता चालवतंय. मला खरंच वाटायला लागलं की खाल्ला असेल. झोपेत उठून गेले असेन. तोंडात मलाही तीच गोडसर चव येत होती.

"खाल्ला असेल," मी म्हणाले.

मांडवातून एक सुस्कारा गेला. सर म्हणाले, "बघा. सत्य किती सोपं असतं." अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती थोबाडीत बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर माझा आकडाच आला नाही. नुसती H-I ही दोन इंग्रजी अक्षरं आली; साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली की ती येतात, हे मला नंतर कळलं. सरांनी यंत्र हलवून बघितलं. "बिघडलं," ते म्हणाले. त्याच यंत्राने पुढच्या माणसाचा आकडा बरोबर दाखवला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नसावं. शिबिराचा समारोप दुसऱ्या दिवशी होता. सर्वांत जास्त साखर उतरलेल्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता, आणि तो माणूस अण्णा आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी आमदार येणार होते. अण्णांनी भाषणाची चार वाक्यं पाठ केली होती.

"सत्कार बापाचा आणि लेक चोर," सर त्यांना म्हणाले. "कसं दिसेल ते? आजचा दिवस आहे हातात. पळवा तिला."

म्हणून अण्णांनी मला टेकडीवर नेलं. ते पुढे, मी मागे, आणि सगळ्यात मागे कुंदाताई, कारण त्यांचाही आकडा चढलेलाच होता. अर्ध्या वाटेवर माझे पाय संपले. मी एका दगडाला धरून बसले.

"ऊठ."

"अण्णा, होत नाही."

"परवा हरणासारखी पळालीस. आज होत नाही? ऊठ, प्रणिता."

मी उठले, चार पावलं टाकली आणि मला उलटी झाली. मग पुन्हा झाली. मी हातांवर ओणवी होते आणि उठता येत नव्हतं.

"पडू दे," अण्णा म्हणाले. "पेरू बाहेर पडू दे सगळे."

कुंदाताई वर पोचल्या. त्यांनी एक काटकी उचलली, उलटीशी उकिडव्या बसल्या आणि ती ढवळून बघितली. अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. एवढी मोठी बाई, पांढऱ्या टी-शर्टात, माझी उलटी काटकीने ढवळतेय.

"अण्णासाहेब," त्या म्हणाल्या, "यात पेरू कुठंय?"

"म्हणजे?"

"पेरूची बी पचत नाही. गिळली तशी बाहेर पडते. इथं एक बी नाही. नुसतं पिवळं पाणी. हिच्या पोटात काही नाही हो."

"काल स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तिने."

"तुम्ही थोबाडीत मारलीत म्हणून केलं." कुंदाताईंनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. "आणि मी वास घेतला म्हणून. डोळे बघा हिचे. अहो, डोळे बघा पोरीचे."

अण्णांनी बघितले. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून मला माहीत आहे की त्यांनी बघितले. मग त्यांनी खाली मांडवाकडे नजर टाकली. तिथे माणसं पताका लावत होती.

"उद्या समारोप झाला की दुपारी नाशिकला नेतो," ते म्हणाले.

"उद्यापर्यंत राहील का ही?"

"नाटकं आहेत, ताई. मला माझी मुलगी ठाऊक आहे."

कुंदाताईंनी मला काखेत धरलं आणि टेकडीच्या पलीकडच्या अंगाने, जिथून डांबरी रस्ता दिसत होता, तिकडे उतरायला लागल्या. अण्णा मागून ओरडत होते, "ताई, सरांना विचारा! अहो, सरांना तर विचारा!" रस्त्यावर आल्यावर कुंदाताईंनी मला कडेला बसवलं आणि स्वतः दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. पेरूचे क्रेट घेऊन बाजाराला निघालेली एक पिकअप करकचून थांबली.

"पोरगी मरतेय. नाशिक. सिव्हिल नाही, जो पहिला मोठा दवाखाना लागेल तो," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की त्याने प्रश्न विचारला नाही.

अण्णा तोवर रस्त्यापर्यंत आले होते. पिकअपच्या फळीला हात लावून उभे होते.

"चढा," कुंदाताई म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे," अण्णा म्हणाले. "मी मागून येतोच."

मला क्रेटच्या मधल्या जागेत आडवं केलं होतं. डोकं कुंदाताईंच्या मांडीवर. त्या वाटभर माझ्या कपाळावर हात फिरवत होत्या आणि शिव्या देत होत्या. सरांना, अण्णांना आणि सगळ्यात जास्त स्वतःला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही हातांत नळ्या होत्या. आई पायाशी बसली होती. कुंदाताईंनी बूथवरून दुकानात फोन केला होता आणि ती पहिली एसटी धरून आली होती. तिने माझी पावलं धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर अण्णा आले. खांद्यावर शाल होती. ती काढायचं त्यांच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल. नारळ पिशवीत होता. कपाळावर गंध.

तांबे म्हणून एक डॉक्टरीण होती, तिशीची, उभ्याने बोलणारी. तिने त्यांना विचारलं, "वडील तुम्ही?"

"हो. साखर वाढली होती तिची. काहीबाही खाल्लं. पेरू..."

"काही खाल्लं नव्हतं."

"वास येत होता तोंडाला."

"तो पेरूचा नव्हता. मी दारातूनच ओळखला." ती त्यांच्या शालीकडे बघत होती. "तुम्हालाही मधुमेह आहे?"

"होता. आता उतरलीय साखर. चालण्याने." हे सांगताना, त्या खोलीतसुद्धा, अण्णांचा आवाज जरा वर चढला.

"उतरणारच. तुमच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, फक्त ते नीट काम करत नाही. चाललात की स्नायू साखर ओढून घेतात. तुम्ही जरूर चाला. हिच्या अंगात ते तयारच होत नाही. बाहेरून दिलं तर हीसुद्धा चालू शकते, पळू शकते, डोंगर चढू शकते. पण ते बंद केलं की रक्तात साखर साचते आणि शरीर उपाशी राहतं. अशा माणसाला पळवलं, की शरीर आणखी साखर सोडतं. म्हणून ही जेवढी पळाली, तेवढी तिची साखर चढली. मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून आम्ल तयार होतं, रक्त विषारी होतं. त्याचा हा वास. पिकलेल्या फळासारखा. मरायला टेकलेल्या माणसाचा वास आहे तो."

कुंदाताई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

"पण आधी त्रेसष्ट आली होती," अण्णा म्हणाले. "सुई निम्मी करून."

"तेव्हा निम्मी का होईना, सुई चालू होती. वर धावणं, वर उपास. त्रेसष्टलाही धोकाच होता. चक्कर येऊन पडली असती त्या टेकडीवरून."

"आम्ही टाळ्या वाजवल्या," कुंदाताई म्हणाल्या.

डॉक्टरीण गेली. अण्णा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. मी वाट बघितली. पाणी मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं, पण मला तहान नव्हती. आठवड्यात पहिल्यांदाच नव्हती.

"तू कबूल कशाला केलंस मग?" ते शेवटी म्हणाले.

कुंदाताईंनी सकाळीच पोलिसात तक्रार दिली होती. संध्याकाळच्या आत एक हवालदार जबाब घ्यायला आले. दमलेले, पोट सुटलेले गृहस्थ. टोपी काढून त्यांनी पलंगावरच कागद पसरले.

"वडील आधी सांगा," ते म्हणाले.

अण्णा उभे राहिले. शाल नीट केली. डॉक्टरणीने जे सांगितलं होतं त्याला पुरता एक तासही झाला नव्हता.

"शिबिरात पथ्य कडक होतं," ते म्हणाले. "मुलीने बागेतले पेरू चोरून खाल्ले. साखर वाढली. तिने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. सरांचा काही दोष नाही."

"आणि इंजेक्शन?" हवालदारांनी विचारलं. "तक्रारीत लिहिलंय, इंजेक्शन बंद केलं."

"तिनेच केलं. कंटाळली होती. तरुण मुलगी आहे, लग्नाचं चाललंय..."

आईचे हात माझ्या पावलांवर होते. ते घट्ट झाले. तिने वर बघितलं नाही, पण हात सोडलेही नाहीत.

"खोटं आहे," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की हवालदारांनी "काय?" म्हणून कान पुढे केला.

"मी पेरू खाल्ला नव्हता. इंजेक्शन मी बंद केलं नाही. सरांनी बंद केलं. माझा थर्मास पिशवीत होता. तो काढून त्यांना दिला."

"कोणी?"

"माझ्या वडिलांनी."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, विचार करून सांगा. हे लिहिलं की लिहिलं."

"लिहा."

"प्रणिता," अण्णा म्हणाले. टेकडीवर म्हणाले होते त्याच आवाजात.

"थोबाडीतही त्यांनीच मारलं," मी म्हणाले. "तेही लिहा. आणि पिकअपमध्ये ते चढले नाहीत, तेसुद्धा."

हवालदारांनी लिहिलं. मग ते म्हणाले, "पूर्ण नाव सांगा तुमचं."

मी तोंड उघडलं आणि अण्णा मध्येच म्हणाले, "माझं नाव लावू नका तिला."

"काका, लावावंच लागतं," हवालदार मान वर न करता म्हणाले. "हं, बोला बाई."

"प्रणिता मोहनीराज कुलथे," मी सांगितलं.

अण्णा आईला "चल" म्हणाले. ती उठली नाही. ते एकटेच गेले.

सरांवर गुन्हा दाखल झाला, पण काही महिन्यांत तो ढिला पडला. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने शिबिर सुरू केलं. येवल्याचं स्थळ परस्पर मोडलं. मी आईबरोबर मामांकडे राहिले, शिकले, नोकरीला लागले. तांबे डॉक्टरणीने मला पळायला शिकवलं. आधी मोजायचं, सुईचा हिशोब बघायचा, पोटात काही घालायचं, मग बूट घालायचे. मी आजही पळते. कुंदाताई जिवंत होत्या तोवर दर दिवाळीला यायच्या, आणि दर वेळी एकदा तरी माझा हात हातात घेऊन रडायच्या.

अण्णा खूप वर्षं जगले. रोज पहाटे प्रवरेच्या पुलापर्यंत चालत जायचे, चालत यायचे. गावात लोक त्यांचं उदाहरण द्यायचे. शेवटपर्यंत त्यांची साखर उत्तम होती. आणि जो कोणी भेटेल त्याला, मी त्या बागेतला पेरू चोरून खाल्ला होता, असंच ते सांगत राहिले.